गप्प बसणं आणि गप्प बसवणं

(उरवडे येथील माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर एआयवर बोल. पोरांच्या नोकऱ्या राहणार की जाणार, ते सांग." मी म्हटलं, ते मलाच कुणीतरी सांगायला हवंय. मग म्हणाले, "बरं, मग ते तू दहा-दहा दिवस कुठंतरी जाऊन गप्प बसतेस, त्यावर बोल. वर्गात सगळ्यात जास्त बडबड करणारी तू. गप्प कशी बसतेस हे ऐकायला लोक नक्की थांबतील." बाई समोरच बसल्यात, आणि त्या हसतायत. तेव्हा आजचा विषय विपश्यना. बुद्धाने शिकवलेलं ध्यान, आणि रोजच्या जगण्यात त्याचा मला झालेला उपयोग.

दोन गोष्टी आधीच सांगून टाकते. मी आचार्य नाही. शिबिरं घ्यायला रीतसर नेमलेले सहायक आचार्य असतात, मी त्यांच्यातली नाही. बारा वर्षं सकाळी जमेल तसं बसणारी बाई, एवढंच. दुसरं म्हणजे, आमच्या घरात माळ आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. मी पहिल्यांदा शिबिराला निघाले तेव्हा आईनं विचारलं, "धर्म बदलतेस की काय गं?" मी नाही म्हटलं. तिनं दिवसभर विचार केला आणि रात्री भाकरी थापता थापता म्हणाली, "तुकोबा भंडाऱ्यावर एकटे जाऊन बसायचे. बसतच असतील ना? तिथं काय रोज एकट्यानं टाळ कुटत होते का?" आमच्या घरात या विषयावरचा वाद तिथंच मिटला.

आता ही गोष्ट परमुलखातून आली असं कुणाला वाटत असेल, तर आपल्या शेजारच्या मावळात बघा. आपल्यातले बहुतेक जण एकवीरेच्या दर्शनाला कार्ल्याला गेलेत. देवळाला लागूनच ते प्रचंड चैत्यगृह आहे. कोरीव चैत्यगृहांमध्ये देशातलं सगळ्यात मोठं, साधारण २००० वर्षांपूर्वीचं. छताला आतून लाकडी कमानी आहेत, त्या त्याच काळातल्या. आपल्या घराच्या वाशांना पंधरा वर्षांत वाळवी लागते, म्हणून मी ते लाकूड बघत बराच वेळ उभी राहिले होते. खांबांवर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. त्यात धेनुकाकट नावाच्या गावचे लोक पुष्कळ, काही यवन, म्हणजे परदेशातून येऊन इथं राहिलेले. दर्शनी भागाच्या कामात एका गांध्याचं, म्हणजे सुगंधी वस्तू विकणाऱ्याचं, आणि एका सुताराचं नाव आहे. शाळेच्या खोलीवर आपण देणगीदारांच्या नावांची फरशी बसवतो ना, अगदी तसंच. राजांनी दानं दिली, तशीच व्यापारी आणि कारागिरांनीही दिली.

मला मात्र चैत्यापेक्षा भाज्याच्या लेण्यांतल्या खोल्या जास्त आवडतात. एक माणूस मावेल एवढी खोली, आणि झोपायला दगडात कोरलेला ओटा. पावसाळ्यात भिक्षू एका जागी मुक्काम करत, त्याला वर्षावास म्हणतात. मावळ-मुळशीचा पाऊस कसा असतो ते आपल्याला कुणी सांगायला नको. आषाढात दोन-दोन दिवस समोरचा डोंगर दिसत नाही. अशा पावसात त्या खोलीत बसून तो माणूस दिवसभर काय करत असेल? एक उत्तर असं, की तो आपला श्वास बघत असेल. सतिपट्ठान सुत्तात हेच सांगितलंय. शरीर बघा, शरीरावरच्या संवेदना बघा, चित्त बघा, चित्तात काय उठतं-बसतं ते बघा. मला पहिल्यांदा वाचताना गंमत वाटली, की यात सगळीकडे "बघा"च आहे.

पुढं आपल्याकडून ही साधना गेली. ब्रह्मदेशात ती टिकली. तिथून ती परत कशी आली, याची माणसं मला फार आवडतात. लेडी सयाडो हे भिक्षू होते, १८४६ ते १९२३. ही विद्या संसारी माणसांनाही मिळाली पाहिजे, असा त्यांचा आग्रह. त्यांच्याकडून ती शिकले सया थेतजी. ते शेतकरी होते. रंगूनच्या नदीपलीकडच्या खेड्यात भातशेती करणारा माणूस! त्यांच्याकडून शिकले ऊ बा खिन. हे सरकारी हिशेब खात्यातले. ब्रह्मदेश १९४८ साली स्वतंत्र झाला आणि ते अकाउंटंट जनरल झाले. आपल्या कचेरीतल्या कारकुनांना ते ध्यान शिकवायचे. त्यांच्याकडे १९५५ साली आले सत्यनारायण गोयंका, मंडालेत जन्मलेले मारवाडी व्यापारी. अर्धशिशीनं बेजार झालेले, डॉक्टर थकले होते. शेतकरी, हिशेबनीस, व्यापारी. या साखळीत भिक्षू असलेला शेवटचा माणूस म्हणजे लेडी सयाडो, नंतरचे सगळे घरदार असलेले.

गोयंका गुरुजी १९६९ साली भारतात आले. त्यांच्या आईला बरं नव्हतं, तिच्यासाठी जुलै १९६९ मध्ये मुंबईत पहिलं शिबिर झालं. एकूण १४ माणसं होती. पुढं १९७६ मध्ये इगतपुरीला धम्मगिरी सुरू झालं, आणि आज ही शिबिरं जगभर चालतात. २०१३ मध्ये गुरुजी मुंबईत वारले. सिव्हिलवाल्या मित्रांनी गोराईचा पॅगोडा अवश्य बघावा. आत एकही खांब नाही आणि घुमटाखाली ८००० माणसं बसतात. दगडात दगड अडकवत नेलेत.

मराठी माणसाचा या वाटेवर याआधीचाही पाय आहे. धर्मानंद कोसंबी हे गोव्यातल्या साखवाळचे. १८९९ साली बुद्धाच्या शोधात घर सोडून निघाले. पुणे, काशी, नेपाळ करत १९०२ मध्ये सिलोनला पोचले, पुढं ब्रह्मदेशात गेले. १९१२ पासून सहा वर्षं ते आपल्या पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवत होते. ध्यानावर त्यांनी 'समाधिमार्ग' नावाचं पुस्तक साध्या मराठीत लिहून ठेवलंय. पौड रस्त्यानं येता-जाता आपण फर्ग्युसनच्या टेकडीच्या मागूनच जात होतो, आणि हे नाव शाळेत कुणी आपल्याला सांगितलं नव्हतं. सर, ही तक्रार नाही. अभ्यासक्रमातच नव्हतं.

आता माझं. मी २०१३ च्या जानेवारीत पहिलं शिबिर केलं, आळंदीजवळ मरकळच्या केंद्रात. जायचं कारण अध्यात्म नव्हतं, जबडा होता. माझं काम असं, की जगात कुठंतरी दिवस असतो तेव्हा आपल्याकडे रात्र असते, आणि सर्व्हर पडायला त्याचं सोयरसुतक नसतं. आठवड्याआड माझी ऑन-कॉल पाळी असायची. फोन उशाला. त्या आठवड्यात फोन वाजला नाही तरी झोप यायची नाही, कारण वाजेल म्हणून कान टवकारलेले. सकाळी उठले की उजवा जबडा दुखायचा. दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं, तुम्ही झोपेत दात आवळता. दाढेवरचा थर झिजलाय. त्यांनी रात्री घालायला प्लॅस्टिकचं कवच दिलं, आणि वर म्हणाले, "आवळण्याचं कारण माझ्याकडे नाही, ते तुमच्याकडे आहे."

ऑफिसात बारा दिवसांची रजा मागितली तर साहेबांनी लग्न आहे का विचारलं. घरी मुलगा सात वर्षांचा. नातेवाइकांमध्ये जी चर्चा झाली तिचा सूर असा होता, की ही दहा दिवस बोलणार नाही ते ठीक आहे, पण दहा दिवस स्वयंपाक करणार नाही? खरं सांगते, शिबिरातलं पहिलं मोठं सुख तेच होतं. सकाळी साडेसहाला घंटा होते, तुम्ही ताट घेऊन जाता, आणि कुणीतरी आधी येऊन गेलेली बाई तुम्हाला उपमा वाढते. पैसे नाहीत. शिबिराची फीच नसते. आधीच्या लोकांनी दिलेल्या दानावर तुमचं चालतं, आणि तुम्हाला वाटलं तर शेवटी पुढच्यांसाठी द्यायचं.

दिनक्रम असा. पहाटे चारला घंटा. साडेचारला बसायचं. अकराला जेवण. संध्याकाळी पाचला चहा, फळ आणि मुरमुरे, रात्रीचं जेवण नाही. सात वाजता प्रवचन, साडेनऊला दिवे बंद. फोन, पुस्तक, वही, जपमाळ, सगळं जमा. स्त्रिया एकीकडे, पुरुष एकीकडे. बोलायचं नाही, खुणा नाहीत, शक्यतो नजरानजरही नाही. फक्त आचार्यांना शंका विचारता येते. याला आर्य मौन म्हणतात. सुरुवातीला पंचशील घ्यावं लागतं. हिंसा, चोरी, व्यभिचार, खोटं, नशा, यांपासून दूर. मला वाटलं होतं बोलण्याचा फार त्रास होईल. झाला नाही. तिसऱ्या दिवशी त्रास झाला तो वाचायला काही नव्हतं म्हणून. साबणाच्या वेष्टनावरचा मजकूर मी चार वेळा वाचला.

पहिले साडेतीन दिवस फक्त आनापान. नाकाच्या दाराशी श्वास येतो-जातो, तो बघायचा. हा प्राणायाम नाही. श्वास लांब करायचा नाही, रोखायचा नाही, मोजायचा नाही. जसा आहे तसा. मन दर अर्ध्या मिनिटाला पळतं. जुन्या ग्रंथात याला छान उपमा दिलीय, रानात वाढलेलं वासरू खुंटाला बांधण्याची. ते हिसके देतं, ओरडतं, शेवटी खुंटाजवळच बसतं. आपल्यापैकी ज्यांनी खोंडाला पहिल्यांदा दावं लावलंय त्यांना हे लगेच कळेल. मारून उपयोग नसतो, दावं मात्र सोडायचं नसतं.

चौथ्या दिवशी विपश्यना सुरू होते. डोक्यापासून पायापर्यंत एकेका अवयवावर लक्ष न्यायचं आणि तिथं काय जाणवतं ते बघायचं. ऊन लागतंय, खाज येतेय, धडधडतंय, काहीच कळत नाही. जे असेल ते. त्यावर काही करायचं नाही. दिवसातून तीन वेळा एक तास हात, पाय, डोळे न हलवता बसायचं असतं, त्याला अधिष्ठान म्हणतात. माझा डावा गुडघा विसाव्या मिनिटाला पेटायचा. पाचव्या दिवशी मला नक्की वाटलं की आता हाड मोडणार. मग तसंच बसून, दुसरं काही करायला नव्हतं म्हणून, मी त्या दुखण्यातच शिरले. तर "दुखणं" नावाची एक सलग वस्तू तिथं सापडेना. थोडी आग, थोडा दाब, एक ठोका, मध्येच काही नाही, पुन्हा आग. आणि त्याच्या शेजारी, अगदी वेगळं, एक वाक्य चालू होतं: हे थांबलं पाहिजे, हे थांबलं पाहिजे. गुडघ्यापेक्षा त्या वाक्याचाच त्रास मोठा होता. तास संपला, उठले, गुडघा ठणठणीत.

संयुक्त निकायात दोन बाणांची उपमा आहे. माणसाला एक बाण लागतो. तो शरीराचा. मग तो त्या बाणावर रडतो, चिडतो, धुमसतो, आणि तो दुसरा बाण. पहिला बुद्धालाही लागत होता. दुसरा त्याला लागत नव्हता. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर, सिस्टीम बिघडली की नवशिक्या पोराचा हात लगेच कोडकडे जातो. जुनी माणसं सांगतात, हात काढ, आधी लॉग वाच. पाच मिनिटं फक्त वाच. बघण्याआधी केलेली दुरुस्ती हा पुष्कळदा दुसरा बिघाड असतो.

मग फरक काय पडला, असं तुम्ही विचाराल. मोठं काही नाही. मला प्रकाश दिसला नाही, पदोन्नती लवकर मिळाली नाही, आणि ते प्लॅस्टिकचं कवच मी अजूनही रात्री घालते, फक्त सकाळी जबडा दुखत नाही. फरक सेकंदांचा आहे. रात्री दोनला फोन वाजतो. छातीत ऊन उठतं, हात गार पडतात. पूर्वी ते ऊन आणि मी एकच असायचो, आणि त्या उन्हातच मी पहिला निरोप टाइप करायचे. आता ऊन उठलं हे कळतं. दोन श्वास जातात. मग निरोप वाचते. पुष्कळदा त्यात लिहिलेलं असतं की बिघाड आपोआप दुरुस्त झालाय. घरात तर याचा उपयोग जास्त. मुलगा दहावीला होता, हातात मोबाइल, उद्या गणिताचा पेपर. माझा आवाज चढण्याआधी गळा आवळतो, हे मला आता माहीत झालंय. गळा आवळल्याचं कळलं की आवाज चढायला दोन सेकंद असतात. एवढीच मिळकत आहे, दोन सेकंद. पण ज्यांच्या घरी दहावीचा मुलगा आहे त्यांना दोन सेकंदांची किंमत विचारा.

शास्त्र काय म्हणतं, हेही सांगायला हवं, नाहीतर विज्ञानाचे सर मला खाली बसवतील. अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या रुग्णालयात जुनाट दुखणी असलेल्यांसाठी ध्यानाचा आठ आठवड्यांचा कार्यक्रम सुरू केला, तेव्हापासून यावर ढीगभर अभ्यास झालेत. २०१४ मध्ये 'जामा इंटर्नल मेडिसिन' या नियतकालिकात त्यांतल्या चांगल्या ४७ चाचण्यांचा एकत्र आढावा आला, सुमारे ३५०० माणसांवरचा. निष्कर्ष असा, की चिंता, उदासी आणि वेदना यांत सुधारणा होते याचा मध्यम दर्जाचा पुरावा दिसतो. झोप, वजन, लक्ष यांबाबत फारसा पुरावा नाही. आणि औषध किंवा व्यायाम यांच्यापेक्षा ध्यान सरस आहे, असं काही सिद्ध झालेलं नाही. मला हा निष्कर्ष आवडतो, कारण तो माझ्या अनुभवाएवढाच आहे. ज्या पुस्तकांच्या मुखपृष्ठावर "चमत्कार" असं छापलेलं असतं, ती मी घेत नाही.

आता जे सांगणार आहे ते आधी लिहून आणलं नव्हतं, पण माझे दादा, म्हणजे वडील, तुमच्यापैकी अनेकांना माहीत होते, म्हणून सांगते. त्यांना फुफ्फुसं कडक होत जाण्याचा आजार झाला. शेवटचे सात-आठ महिने घरात ऑक्सिजनचं मशीन घुरघुरत असायचं. इंद्रायणी भाताचं शेत पायाखाली घालणारा माणूस खाटेवरून मोरीपर्यंत गेला की दम लागून थांबायचा. दम लागला की घाबरायचे, घाबरले की दम वाढायचा. रात्रीची पाळी माझी असायची, मला जागायची सवयच होती. लोक म्हणायचे, तू त्यांना ध्यान का शिकवत नाहीस? ज्याला श्वासच पुरत नाही त्याला श्वासाकडे बघ म्हणायचं? एकदा त्यांनीच विचारलं, "डोळे मिटून काय करतेस?" म्हटलं, "श्वास बघते." तर म्हणाले, "मग जरा माझा बघ. मला कंटाळा आलाय बघून."

मी खरंच बघितला. रात्र-रात्र. त्यांचं त्यांच्याकडे होतं, प्रत्येक श्वासाबरोबर ओठ हलायचे, रामकृष्णहरी. त्यांना माझ्याकडून काही नको होतं. साधनेचा उपयोग झाला तो मला. त्या खोलीत थांबणं अवघड होतं. त्यांची छाती वर-खाली व्हायची तेव्हा माझीही आवळायची, आणि वाटायचं की उठावं, चहा टाकावा, मशीनचा आकडा पुन्हा बघावा, भावाला फोन करावा. काहीतरी करावं. मी ते आवळणं बघत बसून राहायचे. ते गेले तेव्हा पहाट होती आणि माझा हात त्यांच्या हातात होता. बस. हे सांगितलं कारण "फायदा काय" या प्रश्नाचं माझ्याकडे याहून मोठं उत्तर नाही.

आता जरा दुसरी बाजू. आपल्याच वर्गातल्या एका मैत्रिणीनं मला एकदा चांगलं सुनावलं, तिची परवानगी घेऊन सांगते. ती म्हणाली, "आमच्या घरात बुद्ध बाबासाहेबांनी आणला. २५ डिसेंबर १९५४ ला देहूरोडला बाबासाहेबांनी बुद्धमूर्ती बसवली तेव्हा माझे आजोबा तिथं होते. दोन वर्षांनी नागपूरला धम्मदीक्षा. आम्हाला बुद्ध मिळाला तो माणूस म्हणून उभं राहायला. तुम्ही लोक बुद्धाचा श्वास तेवढा घेता आणि बाकीचा बुद्ध दाराबाहेर ठेवता." तिनं मला 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचायला दिलं. बाबासाहेबांच्या निधनानंतर १९५७ मध्ये मूळ इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झालं. त्यात माणसानं माणसाशी कसं वागावं, हे धम्माच्या मध्यभागी आहे. तिच्या बोलण्याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. एवढं मात्र खरं, की पंचशील घेतल्याशिवाय शिबिर सुरू होत नाही, आणि ज्या गावात आजही काहींची वस्ती वेगळी आहे तिथं समता हा शब्द फक्त स्वतःच्या गुडघ्यापुरता वापरून चालणार नाही.

तिच्या बोलण्यामुळे माझ्या डोक्यात एक फरक पक्का झाला. गप्प बसणं वेगळं आणि गप्प बसवणं वेगळं. एका कंपनीत, नाव घेत नाही, दुपारी दीड वाजता माइंडफुलनेसचा तास ठेवला होता. खोल श्वास घ्या, सोडा. त्याच आठवड्यात चौघांचं काम दोघांवर आलं होतं. हे ध्यान नव्हे, ही भूल आहे. एक ओळखीच्या बाई मला म्हणाल्या, "सुनेला पाठवते तुमच्या त्या शिबिराला. फार बोलते." मी विचारलं, मुलाला पाठवता का? त्यांनी विषय बदलला.

आणि आपलं गाव. ७ जून २०२१ ची ती दुपार इथं कुणी विसरलेलं नाही. कारखान्याला आग लागली आणि १७ कामगार गेले, बहुतेक बायका. ओळख पटवायला डीएनए तपासणी करावी लागली. त्यानंतर काही दिवसांनी मला एका परिचितानं सुचवलं, की तू गावात जाऊन बायकांसाठी ध्यानाचा एक कार्यक्रम घे, मन शांत होईल. हेतू चांगला होता. मी नाही म्हटलं. त्या घरांना तेव्हा हवं होतं ते वेगळं. आपलं माणूस ओळख पटून हाती यायला हवं होतं, भरपाई हवी होती, आणि बाहेर पडायला वाट का नव्हती याचं उत्तर हवं होतं. हा तालुका सेनापती बापटांच्या सत्याग्रहाचा आहे. १९२१ साली धरणाविरुद्ध इथले शेतकरी जमिनीवर ठाण मांडून बसले होते. ते बसणंही बसणंच होतं. ज्याच्यावर अन्याय झालाय त्याला "दुसरा बाण सोड" असं सांगण्याचा अधिकार पहिला बाण मारणाऱ्याला नसतो, आणि कडेला उभ्या असलेल्यालाही नसतो. ज्याचं त्यानं ठरवायचं, आणि वेळ आल्यावर.

आणखी एक सांगून ठेवते. ज्यांना तीव्र मानसिक आजार आहे किंवा होऊन गेलाय, त्यांनी दहा दिवसांच्या शिबिराला परस्पर जाऊ नये. अर्जातच ते विचारतात, तिथं खरं लिहावं, डॉक्टरांना विचारावं. चालू गोळ्या मनानं बंद करू नयेत. एवढ्या मौनात जे वर येतं ते सगळ्यांनाच पेलतं असं नाही.

शिक्षकांसाठी थोडं. तुमच्यापैकी जे अजून सेवेत आहेत त्यांना 'मित्र उपक्रम' माहीत असेल. शालेय शिक्षण विभागानं शाळांमध्ये आनापानासाठी सुरू केलेला. शाळा भरताना दहा मिनिटं, सुटताना दहा मिनिटं, मुलं श्वास बघतात. कागदावर चालतो तिथं काही होत नाही, पण बाई स्वतः डोळे मिटून बसतात त्या वर्गात फरक दिसतो, असं मला दोघी-तिघींनी सांगितलंय. आपल्या वेळी असं काही नव्हतं. आपल्याला अंगठे धरून उभं करायचे, तेव्हा थोडीफार विपश्यना तिथंच झाली असावी.

ज्यांना करून बघायचंय त्यांना एकदम दहा दिवस काढायची गरज नाही. उद्या सकाळी चहाच्या आधी दहा मिनिटं बसा. मांडी घालता येत नसेल तर खुर्चीवर. नाकाशी श्वास बघा. मन पळालं की परत आणा, स्वतःवर न चिडता. महिनाभर तेवढंच. पुढं वाटलं तर पुण्यात स्वारगेटजवळ केंद्र आहे, मरकळला आहे, इगतपुरी तर आहेच. नाव ऑनलाइन नोंदवावं लागतं, जागा लवकर भरतात. भातकापणी आटोपल्यावरच्या तारखा बघा, म्हणजे घरी कुणी अडवणार नाही. बायकांनी तर नवऱ्याला तारीख सांगावी, विचारू नये.

माझी वेळ संपल्याची खूण संयोजक मघापासून करतायत. शंका असतील त्यांनी जेवणाच्या रांगेत भेटा, मात्र माझ्या मागं उभं राहून विचारा, पुढं घुसून नको. पिठल्याचा वास केव्हाचा येतोय, आणि तेवढी समता अजून माझ्यात आलेली नाही.